सारखं मोबाईलमध्ये असतात, एवढीच का आमची ओळख?

पूर्वभागातली
मी सोलापूरच्या पूर्वभागात राहते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "तुझी पोरगी सारखी मोबाईलमध्ये. पुढं कसं व्हायचं हिचं?" त्या वेळी मी आजीचा हयातीचा दाखला काढत बसले होते. आजीनं जन्मभर विड्या वळल्या. पानं कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून बोटांच्या रेषा पार झिजल्यात. यंत्रावर ठसा उमटतच नाही, म्हणून मोबाईलसमोर चेहरा धरून दाखला काढावा लागतो. तो निघाला नाही तर पेन्शन थांबते. गल्लीतल्या 6 आज्यांचं हे काम मीच करते. काकूंचं रेशनकार्डाचं केवायसीसुद्धा मीच करून दिलंय. पण बघणाऱ्याला माझी वाकलेली मान तेवढी दिसते. मला खरंच वाईट वाटलं.

निवृत्त मास्तर
पोरी, आजीसाठी करतेस ते मोलाचं आहे. पण तुझ्या एकटीवरून सगळ्या पिढीचा निवाडा होत नाही. मी 31 वर्षं नववी-दहावीला शिकवलं. 2020 च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर गेली आणि त्यानंतर आलेली मुलं दोन पानांचा धडा सलग वाचू शकत नव्हती. हुशार होती, पण मन टिकत नव्हतं. इंग्रजांनी सोलापूरच्या चौघांना फाशी दिली त्या 12 जानेवारीला चार हुतात्मा पुतळ्यांजवळ कॉलेजची पोरं फोटो काढत होती. चौघांची नावं विचारली, तर लगेच मोबाईल उघडला. खिशात माहिती आहे म्हणजे ती डोक्यात आहे असं होत नाही. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली. तिथले लोक काय उगाच घाबरलेत?

मोहोळचा
मास्तर, मला उलट्या बाजूचं बोलायचंय. आमचं कौतुक करणारेही आम्हाला अडचणीत आणतात. मार्क प्रेन्स्की नावाच्या अमेरिकन लेखकानं 2001 मध्ये 'डिजिटल नेटिव्ह' हा शब्द रूढ केला. म्हणजे या जगात जन्मलेली, तिथलीच भाषा बोलणारी मुलं. तेव्हापासून सगळ्यांनी धरून चाललंय की आम्हाला हे आपोआप येतं. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागलो. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "तू नव्या पिढीचा, स्टॉकची एक्सेल शीट तूच बनव." माझ्या घरी कधी कॉम्प्युटर नव्हता. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला तेव्हा हातात आला तो मोबाईल. रील एडिट करता येतं म्हणून फॉर्म्युला लावता येतो का? तीन आठवडे चुका केल्या, कुणी शिकवलं नाही आणि शेवटी ऐकलं ते "तुम्हाला लक्षच नाही". जे शिकवलंच नाही त्यात नापास कसं करता?

दोन लेकरांची आई
मास्तरांशी मी बऱ्यापैकी सहमत आहे. फक्त मोबाईल लेकराच्या हातात पहिल्यांदा कुणी दिला ते सांगा. मीच दिला, घास भरवताना. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला रोज संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. मोठ्यांचेसुद्धा! मला त्यातलं हेच पटलं. आपल्याच जिल्ह्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले गुरुजींनी पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवून मुलांना शिकवलं, 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मोबाईल तोच की. शेजारी मोठं माणूस बसलंय का, यावर सगळं आहे.

पूर्वभागातली
ताई, अजून एक. माझा भाऊ रात्री 11 ला मोबाईल बघत असला की घरचे म्हणतात, अभ्यास करत असेल. मी बघितला की "कुणाशी बोलतीयेस?" एकाच घरात, एकाच कंपनीचा मोबाईल. मग नावं मोबाईलला ठेवतात की मुलीला?

आणि मास्तर, तुमचं वाचून मी बाबांना हुतात्म्यांची नावं विचारली. ते रोज त्या चौकातून कारखान्यात जातात. तीन सांगितली, चौथं आठवेना. त्यांनी पहिला स्मार्टफोन चाळिशीनंतर घेतला.

निवृत्त मास्तर
हे मला सुचलं नव्हतं. नावांचा मुद्दा मी मागे घेतो, तो आपल्या सगळ्यांचाच दोष आहे. मुलगा-मुलगी फरक माझ्या घरातही झाला असेल, सुनेला विचारतो. पण वाचनाचं मी सोडणार नाही. तो वर्ग मी डोळ्यांनी पाहिलाय. धड्याच्या दुसऱ्या पानावर ती मुलं अस्वस्थ व्हायची, स्वतःवरच चिडायची. त्यांना आळशी म्हणणं चूक होतं, पण त्यांचं काहीच हरवलं नाही असंही मी म्हणणार नाही.

बाबांना सांग: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1931 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात फाशी. चौथं कुठलं राहिलं होतं ते मला कळव.

पूर्वभागातली
कुर्बान हुसेन. बाबांनी आत्ता दोनदा म्हणून बघितलं.