चेहरा दुखतो म्हणून दात झिजवायचे का?

कानशील (धागाकर्ता)

गाल, जबडा, कानशील तीन महिन्यांहून जास्त काळ दुखतंय. एक्स-रे स्वच्छ, कुठे कीड नाही. अशा माणसाला ‘तुमचा चावा नीट बसत नाही’ असं सांगून दाढांचे उंचवटे बरने (दात कोरायच्या फिरत्या टोकाने) उतरवायचे, याला माझा विरोध आहे. (‘दात घासणे’ हा शब्द मुद्दाम टाळतोय, ते काम रोज सकाळचं.)

ही कल्पना जुनी आहे. १९३४ मध्ये कॉस्टेन या कान-नाक-घसा तज्ज्ञाने मांडलं की मागच्या दाढा गेल्या की जबडा मागे सरकतो आणि कानाजवळच्या नसा दबतात. शरीररचनेच्या कसोटीवर ते पुढे टिकलं नाही, पण दुखण्याचा दोष चाव्याला देण्याची सवय मात्र टिकली. २००३ च्या कोक्रेन आढाव्यात (उपचारांच्या चाचण्या एकत्र तोलणारा आढावा) ६ चाचण्या, ३९२ रुग्ण होते. चावा जुळवल्याने जबड्याचं दुखणं बरं होतं किंवा टळतं, असं त्यातून दिसलं नाही. आणि उतरवलेलं इनॅमल परत येत नाही.

शिमस्टॉक

पुरावा नाही म्हणजे उपयोग नाही, असं होत नाही. त्या चाचण्या लहान होत्या. शिवाय ‘चावा जुळवणं’ या एकाच नावाखाली रंगीत कागद चावायला देऊन उमटलेले निळे ठिपके बघून बर फिरवणंही येतं आणि शिस्तीत केलेलं कामही.

शिस्तीत म्हणजे असं. आधी दोन्ही जबड्यांची मापं घ्यायची आणि फेसबो (वरच्या जबड्याची सांध्याशी असलेली जागा टिपणारी चौकट) वापरून साचे आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्यासारख्या हलणाऱ्या यंत्रावर, बसवायचे. स्नायू सैल असताना सांध्यापाशी जबडा जिथे स्थिरावतो, तिथली नोंद घ्यायची. मग प्लास्टरच्या दातांना रंग लावून आधी तिथेच झिजवून बघायचं. जिथे पांढरं दिसेल तिथलं तेवढं तोंडातून जाणार. ते डेंटिनपर्यंत (इनॅमलखालच्या थरापर्यंत) पोचणार असं दिसलं, तर बेत तिथेच रद्द.

तोंडात दात गॉजने कोरडे करा, ओल्या इनॅमलवर कागद उमटत नाही. आधी जाड कागद, मग ४० मायक्रॉनचा, शेवटी ८ मायक्रॉनची शिमस्टॉक (अतिपातळ पत्र्याची) पट्टी चिमट्यात धरून ओढायची: अडकली तर संपर्क आहे, सुटली तर नाही. पहिली ठोकर बहुधा वरच्या दाढेच्या पुढच्या उतारावर आणि खालच्या दाढेच्या मागच्या उतारावर बसते. उतार कमी करायचा. आधार देणारी टोकं, म्हणजे वरची टाळूकडची आणि खालची गालाकडची, तशीच ठेवायची. बारीक ग्रिटचा डायमंड बर, पाणी चालू. शेवटची तपासणी रुग्णाला सरळ बसवून, कारण आडवं असताना जबडा मागे पडतो.

आणि फिनलंडमधला ल बेल यांचा २००२ चा प्रयोग विसरू नका. दातावर मुद्दाम खोटा अडथळा चिकटवला, तेव्हा ज्यांना पूर्वी जबड्याचा त्रास होता त्यांची लक्षणं वाढली.

कानशील

त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भागही सांगा की. ज्यांना पूर्वी त्रास नव्हता, ते जुळवून घेऊन मोकळे झाले. अडथळा दोघांनाही सारखाच होता. फरक माणसाच्या मज्जासंस्थेत. अशी संवेदनशील मज्जासंस्था तुमच्या बरलाही तशीच बिथरणार.

कागदाच्या ठिपक्यांबद्दल: मोठा ठिपका म्हणजे जास्त जोर, हा समज खोटा आहे. जोराचा संपर्क कित्येकदा शाई बाहेर ढकलतो आणि मधे पांढरं राहिलेलं कडं दिसतं, तर हलका घासलेला उतार भलामोठा डाग देतो. आणि सांध्याची स्थिती व नेहमीचा चावा यांत मिलिमीटरभराचं अंतर कसलाही त्रास नसलेल्या माणसांतही सर्रास सापडतं. त्याला रोग कसं म्हणायचं?

मानेचा मणी

फिजिओथेरपीच्या बाजूने एक गोष्ट. दुखणारा स्नायू आखडतो आणि जबडा ओढून धरतो; त्यामुळे चावा बदललेला *वाटतो* आणि थोडा बदलतोही. त्या अवस्थेत घेतलेली नोंद म्हणजे आखडलेल्या स्नायूची नोंद. त्यावर दात उतरवले, महिन्याने स्नायू सैल झाला, की उतरवलेली जागा हवेत लटकते. मग पुन्हा ‘अजून थोडं’ सुरू.

आधी हे करून बघा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेली. तासातासाला आठवण लावून तपासायचं, कारण दिवसा नकळत दात आवळणारे खूप असतात. गालावर ओला शेक १५-२० मिनिटं. जीभ टाळूला टेकवून तोंड उघडायचं, ६ वेळा, दिवसातून ६ वेळा. तोंड उघडण्याचं माप पट्टीने घ्या: ४० मिमीच्या आसपास ठीक, ३५ च्या खाली अडकलेलं. सहा आठवड्यांत माप हललं नाही, तर निदानच पुन्हा तपासावं.

शिमस्टॉक

स्नायूचा मुद्दा मान्य. म्हणूनच आधी स्प्लिंट, म्हणजे दातांवर घालायची काढघालीची पट्टी: कडक ॲक्रिलिकची, सगळे दात झाकणारी, दाढांवर सुमारे २ मिमी जाड, सर्व संपर्क सारखे, बाजूला सरकताना फक्त सुळ्यांचा उतार. फक्त रात्री. एक-दोन आठवड्यांनी ती पुन्हा जुळवायची, कारण जबडा सरकलेला असतो. पुढच्या चार दातांवरची छोटी स्प्लिंट महिनोन्‌महिने दिली की मागच्या दाढा वर येतात आणि समोरचे दात भिडेनासे होतात. तो दोष चावा जुळवण्याच्या माथी मारू नका. स्प्लिंटवर दुखणं गेलं, काढल्यावर परत आलं, तर चाव्याचा संबंध उघड आहे.

कानशील

इथेच गफलत आहे. स्प्लिंटने आराम पडला यावरून चावा दोषी ठरत नाही. स्प्लिंट लावल्यावर आवळण्याची सवय मोडते, स्नायूंची लांबी बदलते, आणि दुखणं मुळात चढउताराचं असल्याने ते आपोआपही उतरतं. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी या जुन्या दुखण्यात व्यायाम, जबड्याची हालचाल आणि वर्तनोपचार यांची जोरदार शिफारस केली. काढता येणाऱ्या स्प्लिंटबद्दलही सशर्त नकारच दिला.

तिसरी शाखा

दोघेही निदान झालंय असं धरून चाललात. काही सेकंदांचा विजेसारखा झटका, वाऱ्याने किंवा तोंड धुताना सुटणारा, मधे पूर्ण शांतता: ही ट्रायजेमिनल न्युराल्जिया, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. एमआरआय आणि कार्बामॅझेपाइन हे औषध, हा तिचा रस्ता. दाबताना नव्हे तर चावा *सोडताना* कळ आली, तर भेगाळलेला दात. एकेका टोकावर काडी चावायला देऊन शोधावा. पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी आणि चावता चावता जबडा थकणं असेल, तर ईएसआर, सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) त्याच दिवशी, नाहीतर दृष्टी जाऊ शकते.

शिमस्टॉक

मान्य. पण परवा बसवलेली कॅप उंच लागतेय आणि तेव्हापासूनच दाढ दुखतेय, तर तिथेही व्यायाम सांगणार का?

कानशील

नाही, ती कॅप झिजवून खाली आणा, तीही लगेच. झिजतोय तो पदार्थ आपणच घातलेला आहे आणि दुखणं त्याच दाढेचं आहे. ते बिघडवलेलं नीट करणं झालं. माझा विरोध आहे तो वर्षानुवर्षं स्थिर असलेल्या, निरोगी दातांना हात लावण्याला. त्यातही रुग्ण ‘चावा कुठेच बसत नाही’ म्हणत चौथ्यांदा दवाखाना बदलून आला असेल आणि शिमस्टॉक पट्टी सगळीकडे नीट अडकत असेल, तर बर हातात घेऊच नये. याला ‘फँटम बाइट’ म्हणतात; प्रत्येक झिजवणीनंतर रुग्णाचं लक्ष दातांवर आणखी खिळतं. अशा वेळी खुर्ची सरळ करून बोलायला बसावं.