आमच्याकडे कधी कुणी विचारायला आलं नाही, मग एक्झिट पोलचे आकडे येतात कुठून?

नाशिककर:
२०२४ च्या लोकसभेला १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक चॅनेलं एनडीएला साडेतीनशेच्या वर नेत होती. ४ जूनला निघाल्या २९३. आमच्या गल्लीत, नात्यात कुणालाच कधी कुणी विचारलेलं नाही. मूठभर लोकांना विचारून ९६ कोटींहून जास्त मतदारांचा कौल कळतो तरी कसा?

उंबरठा:
मी मराठवाड्यात सर्व्हेचं फील्डवर्क करते, म्हणून लिहिते. संख्येची काळजी सोडा. माणसं खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली, तर हजार जणांच्या नमुन्यात चूक साधारण तीन टक्के वर-खाली राहते. मतदार एक कोटी असोत की शंभर कोटी.

गडबड दारात होते. मतदार यादीतून नाव निघतं, जाऊन बघावं तर कुलूप. शेजारी सांगतात, "ऊसतोडीला गेलेत, आता उन्हाळ्यातच येतील." खरं तर ते नाव सोडून द्यायला हवं. पण वरून कोट्याचा तगादा असतो, मग पारावर बसलेल्याला विचारून फॉर्म भरला जातो. पारावर कोण असतं? मोकळा, बोलका पुरुष. असे लाखभर गोळा केलेत तरी आकडा एकाच बाजूला कलणार.

बाईचं नाव निघालं की नवरा मध्येच म्हणतो, "तिला काय कळतंय, मी सांगतो ना." मी प्यायला पाणी मागते आणि तिच्या मागोमाग आत जाते. चिन्हं छापलेली नमुना मतपत्रिका तिच्या हातात देते. बाहेर "अजून काही ठरलं नाही" म्हणणारी बाई तिथे क्षणात खूण करते, घडी घालून पेटीत टाकते. बूथबाहेर कार्यकर्ते उभे असताना ती हे सांगेल का? तिथे सत्तेतल्या पक्षाचं नाव घेणं सगळ्यात बिनधोक.

गणितमास्तर:
ताईंचं पटलं. पण मतांची टक्केवारी बरोबर आली तरी जागा चुकतात. भाजपची मतं २०१९ ला ३७.४ टक्के होती, २०२४ ला ३६.६. फरक एक टक्काही नाही, जागा मात्र ३०३ वरून २४०. महाराष्ट्रात आघाडी आणि महायुतीची मतं जवळपास सारखी, जागा ३० आणि १७. मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल तर ४८ मतांनी लागला. असली जागा कुठला सर्व्हे सांगणार?

शंकेखोर:
लोक घाबरून सत्तेतल्या पक्षाचं नाव घेतात, तर २०२४ च्या ऑक्टोबरात हरियाणात उलटं का झालं? सगळे काँग्रेस सांगत होते, ९० पैकी ४८ जागा भाजपला मिळाल्या.

उंबरठा:
रास्त प्रश्न आहे. भीती हे एकच कारण नाही. माझ्या मते, ज्या गटाचा आवाज गावात मोठा, त्याचंच म्हणणं फॉर्मवर उतरतं, मग तो कुणाच्याही बाजूचा असो. गप्प बसलेल्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढे पैसे द्यायला कुणी तयार नसतं.

नाशिककर, पुढच्या वेळी चॅनेलवाल्यांनी फक्त जागा दाखवल्या, तर विचारा: मतांची टक्केवारी किती? माणसं कशी निवडली? त्यांत बायका किती? कुलूप असलेल्या घराचं काय केलंत?