‘नॅरेटिव्ह’ला मराठीत काय म्हणावं?

भुईकमळ: समाजशास्त्राच्या एका अहवालाचं भाषांतर करतेय. ऊसतोड मजुरांनी स्वतःबद्दल जे सांगितलं, त्याला मुळात ‘नॅरेटिव्ह’ म्हटलंय. मला ‘कथन’ आणि ‘आख्यान’ सुचतात. कोणता घेऊ?

पाटीपेन्सिल: आख्यान नकोच! कीर्तनात ठीक आहे, पण घरात आपण ‘आता आख्यान लावू नकोस’ म्हणतो. ‘कहाणी’ म्हटलं की आटपाट नगर आलं, आणि ती सुफळ संपूर्णच व्हावी लागते. ‘आत्मकथन’ घ्या की. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) आणि त्यानंतरच्या पुस्तकांमुळे तो चांगला रुळलाय.

चिंचोका: त्यातल्या ‘आत्म’शी माझं भांडण आहे. बीडकडच्या टोळ्यांशी बोलायला उसाच्या फडावर जायचो. कोपीपुढे, म्हणजे त्यांच्या झोपडीपुढे, भाकरी थापता थापता एक मावशी म्हणाल्या, “आमची कसली आलीय कहाणी? मुकादमाची उचल घेतली, आलो.” तिथे कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते तीही कोयत्यावर. पुढचं सगळं त्यांनी ‘आम्ही’ करूनच सांगितलं. घरी येऊन टिपणं वाचली, तर अख्ख्या बोलण्यात ‘मी’ एकदाच, फडावरच्या बाळंतपणापाशी. याला आत्मकथन कसं म्हणू? बलुतं हे नावसुद्धा एका माणसाचं नाही, गावगाड्यातल्या वाट्याचं आहे.

पाटीपेन्सिल: हे पटलं. मग ‘हकिकत’? अरबीत मूळ अर्थच सत्य.

काजळी: तिथेच तर अडतं. हकिकत पोलीस लिहून घेतात, खरी की खोटी ठरवायला. समाजशास्त्राला सांगणाऱ्याने काय निवडलं, काय गाळलं हेही हवं असतं. ऐकणाराही गाळतोच म्हणा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली कर्नाटकातल्या रामपुरात राहिले. त्यावर तयार केलेली टिपणं १९७०मध्ये स्टॅनफर्डला आगीत गेली. मग त्यांनी बरंचसं आठवणीवर भिस्त ठेवून पुस्तक लिहिलं, ते आलं १९७६ला. ती हकिकत म्हणायची की आठवण? मी तरी ‘कथन’ म्हणेन. कोरडा शब्द आहे, पण खऱ्याखोट्याचा निवाडा करत नाही.

भुईकमळ: मग विश्लेषणात ‘कथन’. मजुरांच्या तोंडी मात्र ते जे म्हणतील तेच ठेवते, ‘कसली आलीय कहाणी’सारखं असलं तरी. ‘कोयता’ला तळटीप द्यावी लागेल का?

चिंचोका: पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी द्या. आणि ‘उचल’लाही, नाहीतर लोक पगार समजतील.