एका पंख्यावर तीन तंबू

विषय: एका पंख्यावर तीन तंबू, रोपं माना टाकतायत
प्रेषक: बागकाम गट, नवा सभासद

नमस्कार मंडळी,

यंदाच्या रोपवाटपासाठी रोपं तयार करायचं काम मी अंगावर घेतलंय आणि आता काळजीत पडलोय. तळघरात तीन ग्रो टेंट आहेत, म्हणजे दिव्याखाली रोपं वाढवायचे कापडी तंबू. मोठा १२० × १२० सेंटिमीटरचा, त्यात टोमॅटो-मिरचीची वाढलेली झाडं आणि २४० वॅटचा एलईडी. मधल्यात लेट्यूस, दिवा १०० वॅट. धाकट्यात बियांचे ट्रे, दिवा ४० वॅट. एक्झॉस्ट पंखा मात्र एकच आहे, १५० मिलिमीटरचा. खोक्यावर ताशी ६०० घनमीटर लिहिलंय.

जोडणी अशी केली: खोलीतली हवा मोठ्या तंबूत, तिथून मधल्यात, मधल्यातून धाकट्यात, मग पंखा आणि खिडकीबाहेर. तंबूंच्या मधे १०० मिलिमीटरचा डक्ट, म्हणजे हवेची नळी, आहे, कारण तो घरात पडून होता. दिवे लागून तीन तास झाल्यावर मोजलं. खोली २२ अंश, मोठा २७, मधला २९, धाकटा ३०.

काल धाकट्यातल्या एका रोपाचं पान उलटं केलं तर शिरेच्या बेचक्यात पिठासारखं बारीक जाळं दिसलं. भिंगाखाली ठिपके चालत होते. मागच्या आठवड्यात मोठ्या झाडांवर हेच होतं. पंखा याहून मोठा घ्यावा का?

विषय: उत्तर: एका पंख्यावर तीन तंबू
प्रेषक: बागकाम गटातली ताई

अरे, पंखा घेऊ नकोस. तुझा पंखा पुरून उरेल, चुकलीय ती जोडणी. एअर कंडिशनिंगच्या डक्टिंगमध्ये माझी वीस वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू तापमानं मोजलीस हे फार चांगलं केलंस, कारण हवा किती वाहतेय ते त्यातूनच निघतं. दिव्याला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, एलईडी असला तरी. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण १.२ किलोज्यूल लागतात. त्यावरून सोपा हिशेब असा की वॅटला ३ ने गुणायचं आणि जितके अंश वाढले तितक्याने भागायचं, की ताशी घनमीटर मिळतात. तुझे तिन्ही दिवे मिळून ३८० वॅट, वाढ ८ अंश. म्हणजे ताशी जेमतेम १४० घनमीटर. झाडं पाणी सोडतात त्यात थोडी उष्णता जाते, तंबूच्या कापडातूनही जाते, त्यामुळे आकडा ढोबळ आहे. पण खोक्यावरच्या ६०० च्या तो जवळपासही नाही.

खोक्यावरचा आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो. तू पंख्यापुढे तीन तंबू, १०० चा डक्ट आणि सगळी वळणं एकापुढे एक लावलीस. तेवढीच हवा १५० ऐवजी १०० च्या डक्टमधून न्यायची तर घर्षण साधारण साडेसात पट होतं, कारण ते व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतं. फ्लेक्सिबल डक्ट पूर्ण ताणलेला नसेल तर आणखी भर. आतल्या सुरकुत्या एकदा हात घालून बघ.

दुसरं आणि माझ्या मते जास्त गंभीर: धाकट्या तंबूला खोलीची हवा मिळतच नाही. त्याला मोठ्या झाडांची वापरलेली हवा मिळते. गरम तर आहेच, वर त्यातून कीडही आली. तुझ्या पानावरचे ठिपके लाल कोळी असणार. तो धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर सहज पुढे जातो आणि उष्ण, कोरड्या हवेत भराभर वाढतो. भुरीचे, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीचे, बीजाणूही असेच जातात. सगळ्यात कोवळी रोपं तू नेमकी वाऱ्याच्या शेवटच्या टोकाला ठेवलीस.

तेव्हा प्रत्येक तंबूला खोलीतून स्वतःची हवा येऊ दे आणि प्रत्येकाची डक्टची वेगळी फांदी पंख्याकडे ने. पंख्याजवळचा मुख्य डक्ट १५० चाच ठेव. मोठ्या तंबूची फांदीही १५० ची, बाकी दोन १०० च्या चालतील. जोड काटकोनी टी नको, तिरका वाय घे. वाढ ४ अंशांपर्यंत चालेल असं धरलं तर मोठ्याला १८०, मधल्याला ७५, धाकट्याला ३० असे मिळून २८५ लागतात. १५० च्या डक्टमध्ये हा वेग सेकंदाला साडेचार मीटर होतो. १०० मध्ये तो १० मीटर झाला असता आणि घरभर शिट्टी ऐकू आली असती.

प्रत्येक फांदीवर हाताने फिरवायचा डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करायची झडप, हवाच. हवा सोपी वाट धरते. धाकटा तंबू पंख्याजवळ असेल तर तोच सगळी ओढून घेईल, ट्रेमधली माती दुपारपर्यंत कोरडी पडेल आणि मोठा तसाच तापलेला राहील. आधी तिन्ही डॅम्पर पूर्ण उघड. ज्या तंबूला गरजेच्या मानाने सगळ्यात कमी हवा मिळते त्याच्या डॅम्परला शेवटपर्यंत हात लावू नकोस. बाकीचे थोडेथोडे मीट. एक हलवला की उरलेल्या दोघांची हवा बदलते, म्हणून अर्धा तास थांब, मोज, परत फिर. दोन-तीन फेऱ्या लागतात. इनलेटपाशी, म्हणजे हवा आत येते तिथे, टिश्यू पेपरची पट्टी धरलीस तर फरक डोळ्यांना दिसतो.

इनलेट खाली, एक्झॉस्ट समोरच्या बाजूला वर. इनलेटचं क्षेत्रफळ एक्झॉस्टच्या दीड-दोन पट ठेव, आणि किडीसाठी बारीक जाळी लावणार असशील तर त्याहून जास्त. तंबूच्या भिंती किंचित आत ओढलेल्या दिसल्या की ठीक. पोटात गेल्यासारख्या दिसल्या तर इनलेट कमी पडतोय.

प्रत्येक फांदीत एकतर्फी झडपही घाल. पंखा थांबला की एका तंबूची हवा वायमधून दुसऱ्यात जाते, मग एवढं करून कीड पुन्हा तिथेच. झडप फार कमी वेगावर नीट उघडत नाही, म्हणून पंखा अगदी मंद ठेवू नकोस. रात्रीही मी तो पूर्ण बंद करत नाही. दिवे गेले की आतली आर्द्रता वाढते, तेव्हाही हवा लागतेच.

लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा करपत असतील तर त्या तंबूत छोटा फिरता पंखाही लाव. तिथे हवा हलली नाही की पानाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. एक्झॉस्ट कितीही वाढवला तरी ते काम होत नाही.

विषय: उत्तर: उत्तर: एका पंख्यावर तीन तंबू
प्रेषक: बागकाम गटातले काका

ताईंनी सगळं लिहिलंय, एकच विचारतो. बाळा, त्या तळघरात गॅसवर चालणारा, चिमणीचा वॉटर हीटर आहे का? तुझा पंखा तासाला २८५ घनमीटर बाहेर फेकणार. तेवढी हवा कुठून तरी आत येणार. खोली घट्ट बंद असेल तर ती चिमणीतून उलटी खाली येते आणि जळालेला वायू घरात राहतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आजच अलार्म लाव, खोलीत बाहेरची हवा यायला वाट ठेव, आणि हीटरच्या माणसाला पंखा पूर्ण वेगात चालू ठेवून चिमणी तपासायला सांग. तोपर्यंत पंखा चालवू नकोस. कपडे वाळवायच्या यंत्राच्या किंवा न्हाणीघराच्या डक्टलाही हा डक्ट जोडू नकोस.

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: एका पंख्यावर तीन तंबू
प्रेषक: बागकाम गट, नवा सभासद

काका, हीटर आहे, तोही चिमणीचाच. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमचं पत्र वाचलं आणि लगेच पंखा आणि दिवे बंद केले. अलार्म लागला, तपासणी झाली, समोरच्या भिंतीतली हवेची जाळी उघडून घेतली. पंखा पूर्ण वेगात असताना चिमणीची ओढ नीट बाहेरच राहते असं तपासून मिळालं, मगच पुढचं काम हातात घेतलं.

ताई, तिन्ही फांद्या वेगळ्या केल्या. मोठ्याचा डॅम्पर पूर्ण उघडा, मधल्याचा अर्धा, धाकट्याचा जेमतेम एक चतुर्थांश. आता खोली २२, मोठा २६, मधला २६, धाकटा २५. पंखा ७० टक्के वेगावरच आहे आणि वर स्वयंपाकघरात त्याचा आवाज येत नाही. जुना डक्ट काढला तेव्हा हात घालून बघितला. मधे कोपऱ्यावर तो दुमडून निम्मा बंद झाला होता.

कोळी लागलेले दोन ट्रे वाटपातून काढून टाकलेत, कुणाच्या घरी ते जायला नकोत. परवा नवं बी पेरलं. टोमॅटोचं वाटप तीन आठवडे पुढे जाईल, मिरचीची रोपं ठरलेल्या दिवशीच मिळतील.