मे महिन्यात मालवणला चाललोय, लेकीला तारे दाखवायला टेलिस्कोप घेऊ का?

सागरवेळ: मंडळी, मेच्या सुरुवातीला गावी जातोय, अमावस्येच्या आसपासच. लेक दहा वर्षांची, सध्या ग्रहताऱ्यांचं वेड लागलंय. ऑनलाइन पाच-सहा हजारांचे टेलिस्कोप दिसतायत, घेऊ का? आणि तिथून बघायचं काय?

मूळनक्षत्र: त्या किमतीतला अजिबात नको, स्टँड इतका हलतो की तारा सापडेपर्यंत पोरं कंटाळून आत जातात. त्याच पैशात चांगली १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दोन डोळ्यांची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर येते, एसटीतून नेता येते. आणि एकच गोष्ट दाखवायची असेल तर ओमेगा सेंटॉरी दाखवा!! नरतुरंग तारकासमूहातला गोलाकार तारकागुच्छ आहे, अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं, त्यात जवळजवळ १ कोटी तारे, आपल्या आकाशगंगेतला सगळ्यात मोठा गुच्छ हाच. इंग्लंडात तो उगवतच नाही, आपल्या कोकणात मात्र क्षितिजाच्या चांगला २५ अंश वर येतो, मग का सोडायचा? रात्री अकराच्या सुमारास चित्रा हा ठळक तारा दक्षिणेला आला की तिथून सरळ खाली यायचं, हात लांब करून साडेतीन मुठी, तिथे दुर्बिणीत कापसासारखा गोल पुंजका दिसेल. त्याच्या उजवीकडे खाली त्रिशंकू हा तारकासमूह, डावीकडे खाली मित्र नावाचा तारा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्यांतला सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी, ४.३७ प्रकाशवर्षं.

सड्यावरची_रात्र: +१. फक्त घराच्या खळ्यातून माडांमुळे दक्षिण दिसणार नाही, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर जा, बॅटरीला लाल जिलेटीन लावा आणि डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्या, मोबाइल बंद. महिनाअखेरीला ढग यायला लागतात, तुम्ही सुरुवातीला जाताय ते बरंय.

सागरवेळ: दुर्बीण फिक्स. पण अकरापर्यंत ती जागी राहणं कठीण, लवकर काही आहे का?

मूळनक्षत्र: आहे ना, साडेआठलाच पश्चिमेला पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ बघा, मघा ताऱ्याच्या पश्चिमेला, नुसत्या डोळ्यांना पुसट डाग आणि दुर्बिणीत एकदम डझनावारी तारे. नाहीतर सरळ झोपू द्या आणि रात्री दोनला उठवा, तेव्हा वृश्चिक वर आलेला असतो, त्यातला ज्येष्ठा तारा लालसर दिसतो, नांगीच्या डावीकडे एम ७ नावाचा तारकागुच्छ, आणि तिथेच बाजूला धनूत आकाशगंगेचा मध्य, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर. स्टेलारियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप आधीच घरी उघडून तिला ही नावं शोधायला लावा.