लेकीची सायक्लोक्रॉस शर्यत आणि त्याच दिवशी बापाचीही: कसं जमवता?

लीड्सचा_बाबा

नमस्कार मंडळी. इकडे यॉर्कशायरमध्ये सप्टेंबर लागला की दर रविवारी कुठल्या ना कुठल्या बागेत सायक्लोक्रॉस असतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: गवत, चिखल, झाडांची मुळं यांच्यातून फिती बांधून आखलेला दोन-तीन किलोमीटरचा फेरा, मध्ये आडव्या फळ्या आणि एखादा असा चढ, की सायकल खांद्यावर टाकून पळायचं. अंतर ठरलेलं नसतं, वेळ ठरलेली असते. त्या वेळात जमतील तेवढे फेरे मारायचे. आमच्या आत्याने व्हिडिओ बघून विचारलं, "खांद्यावरच न्यायची होती तर सायकल घेतली कशाला?" मला उत्तर देता आलं नाही.

लेक दहा वर्षांची. मैत्रिणीच्या नादाने एका शर्यतीला गेली, शेवटून दुसरी आली आणि गाडीत बसताच पुढची कधी म्हणून विचारायला लागली. आता भुणभुण अशी, की "बाबा, तू पण." चाळिशीच्या पुढच्यांचा वेगळा गट असतो, त्याला 'वेटरन' म्हणतात हे ऐकूनच अर्धा जीव गेला. मी पुण्यात वाढलो, सायकल म्हणजे क्लासला जायचं वाहन. एकाच दिवशी दोघांनी उतरणं जमतं का? तिच्याकडे चोवीस इंची चाकांची, पुढे सस्पेन्शनवाली जड डोंगरी सायकल आहे, ती बदलावी का? आणि शर्यत संपली की हात गारठून रडते, त्याचं काय करता? बाकीचे पालक फितीपलीकडून सारखे काहीतरी ओरडत असतात. ते नेमकं काय ओरडायचं असतं?

शेफील्डची_आई

दादा, उतरा. मीही लेकामुळेच उतरले, तेही चाळिशी ओलांडल्यावर. तो आता सोळाखालच्या गटात आहे आणि मला एका फेऱ्याने सहज मागे टाकेल, पण आमच्या शर्यती वेगळ्या असल्यामुळे इज्जत शाबूत आहे.

दिवसाचा क्रम लीगप्रमाणे मागेपुढे होतो, पण चिल्लीपिल्ली बहुतेक ठिकाणी सकाळीच उरकतात. बाराखालच्यांची शर्यत पंधरा-एक मिनिटांची, तुमची चाळीसच्या आसपास. मधला वेळ मोकळा मिळेल असं समजू नका. तिला कोरडं करायचं, खायला घालायचं, तिची सायकल धुवायची, तुमचा नंबर पाठीला टाचायचा आणि फेरा एकदा फिरून बघायचा. तो दोन शर्यतींच्या मधल्या फटीतच फिरू देतात, ती फट चुकली की थेट शर्यतीतच पहिलं दर्शन. खरा पेच मात्र वेगळा: तुम्ही चिखलात असताना ती कुणाजवळ थांबणार? आम्ही क्लबमधल्या एका कुटुंबाशी जोडी जमवली. त्यांची मुलं मी सांभाळते, माझा ते. जोडीदार हौशी असेल तर प्रश्नच नाही. आमचे 'हे' पावसात उभं राहण्याच्या सक्त विरोधात आहेत.

सायकल लगेच बदलू नका. स्थानिक शर्यतींत डोंगरी सायकल चालते, फक्त हँडलच्या टोकांना शिंगं असतील तर काढून टाका. टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद नको हा नियम वरच्या पातळीवरचा आहे, पोरांना कुणी विचारत नाही. अडचण वजनाची. घराच्या पायऱ्यांवरून तिला ती उचलून नेता येते का बघा. नसेल जमत तर हलकी जुनी शोधा. मुलांच्या हलक्या सायकली बनवणारी इस्लाबाइक्स ही कंपनी इस्ला राउनट्री यांनी काढली, त्या स्वतः ब्रिटनच्या सायक्लोक्रॉस विजेत्या होत्या. 2023 ला कंपनीने नव्या सायकली बनवणं थांबवलं, पण जुन्या सायकली लीगमध्ये या पोराकडून त्या पोराकडे फिरत असतात. क्लबमध्ये शब्द टाकून ठेवा. पिटमध्ये, म्हणजे फेऱ्याच्या कडेला सायकल बदलायच्या जागी, दुसरी सायकल वगैरे अजून बरीच वर्षं नको.

पैसे न घालता सर्वात जास्त फरक पडतो तो हवेने. लहान मुलांच्या टायरमध्ये घरचे लोक रस्त्यावरच्यासारखी टम्म हवा भरतात आणि मग पोरगी प्रत्येक वळणाला घसरते. माझ्या वजनाला मी पंचविसाच्या आसपास पीएसआय ठेवते, तीसेक किलोच्या मुलीला त्याहून कमी चालते. आत ट्यूब असेल तर फार खाली जाऊ नका, मुळावर आपटून ट्यूब चिमटते. अंगठ्याने दाबल्यावर पाडाच्या आंब्याइतकं दबलं पाहिजे.

फळ्या. हे एकदा जमलं की तिचा सगळा आव बदलेल. फळीच्या आधी वेग थोडा कमी, उजवा पाय मागून फिरवून डावीकडे आणायचा, म्हणजे काही क्षण ती डाव्या पेडलवर एका पायाने उभी, सायकल अजून पुढे चाललेली. मग उजवा पाय जमिनीवर आणि तिथून सरळ धावत सुटायचं. उतरायचं नेहमी डावीकडूनच, कारण साखळी उजवीकडे असते आणि ती पायाला लागत नाही. उचलायचं एका हाताने मधल्या दांडीला धरून. मैदानात दोन काठ्या आडव्या टाका आणि चालण्याच्या वेगाने सुरुवात करा. खांद्यावर घेणं नंतर. आणि कुणीतरी यूट्यूबवर फळीवरून सायकलसकट उडी मारणारा मॅथ्यू वॅन डर पूल हा डच विश्वविजेता दाखवणारच आहे. मोठ्यांच्या शर्यतीत ती फळी चाळीस सेंटिमीटरपर्यंत असते हे तिला टेपने मोजून दाखवा, मग थोडे दिवस शांतता.

हात: हातमोज्यांच्या दोन जोड्या न्या. एक उभं राहताना, एक शर्यतीत. जाड जाकीट सुरुवातीच्या रेषेपर्यंत अंगात ठेवा, शिट्टीच्या आधी काढून घ्या. नव्या मुलांना मागच्या रांगेत उभं करतात आणि तिथे वाट बघण्यातच बोटं जातात. संपल्यावर लगेच गाडीच्या हीटरसमोर किंवा गरम पाण्यात हात धरू नका. रक्त परत यायला लागलं की ठणका लागतो, तेव्हाच पोरं रडतात. कोरडे करून काखेत धरायला सांगा, पाच-दहा मिनिटांत ओसरतं. मी थर्मासमध्ये टोमॅटोचं सार नेते. ते प्यायलाही आणि कप धरायलाही.

ओरडण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. बाकीच्यांना कळत नाही म्हणून मराठीतून "उजवीकडून घे, डावीकडे खड्डा आहे" असं सांगायचा मोह होतो, आपली गुप्त भाषाच ती. पण धापा टाकणाऱ्या पोराच्या कानात त्यातलं काही शिरत नाही. मी नाव घेते आणि "चल चल चल", बास. उताराला आडवं जायचं असतं तिथे पोरं ब्रेक का दाबतात हे फितीबाहेरून कळत नाही. त्याच जागी दुपारी तुमचं मागचं चाक खाली सरकलं की कळतं. तुम्ही उतरावं म्हणते ते एवढ्यासाठीच. शिवाय लेकीला तुमच्यावर ओरडायची संधी मिळते. आमच्याकडून येणारी आरोळी "आई, ऊठ!" अशी असते.

आइंडहोवनकर

ताईंचं सगळं पटलं, शेवटचं सोडून. मी उतरत नाही. दोन मुलं, दोन गट, पत्नीला रविवारी कधीकधी ड्यूटी. मला पिटच्या बाजूला पाण्याचा पाइप घेऊन उभं राहायला आवडतं. पोरं मला "मेकॅनिक" म्हणतात, "बाबा" नाही, आणि ते माझ्या पथ्यावर पडतं: मेकॅनिकला कुणी नंबर कितवा आला म्हणून विचारत नाही.

एक सुचवेन, तिला एकदा मोठी शर्यत दाखवा. 2023 च्या फेब्रुवारीत आम्ही होगरहाइडला विश्वविजेतेपदाच्या शर्यतीला गेलो होतो, नेदरलँड्समधलं, बेल्जियमच्या सीमेला लागून असलेलं छोटं गाव. फेरा आखलेला आद्री वॅन डर पूल यांचा, ते स्वतः 1996 चे विश्वविजेते. त्यांचा मुलगा मॅथ्यू आणि त्याचा बेल्जियन प्रतिस्पर्धी वाउट वॅन आर्ट शेवटच्या सरळ रस्त्यापर्यंत एकत्र आले आणि स्प्रिंटमध्ये मॅथ्यू जिंकला. तेविशीखालच्या मुलांत तीबो नाइस जिंकला, तो स्वेन नाइसचा मुलगा, म्हणजे आणखी एका विश्वविजेत्याचा. माझ्या धाकट्याने तिथेच जाहीर केलं, की आपल्या घरात बाबा जिंकलेले नाहीत त्यामुळे त्याचंही काही होणार नाही. फ्राईज खाऊन विसरला. तुमच्या लीड्सचा टॉम पिडकॉक 2022 ला विश्वविजेता झालाय, तिला गाववाला म्हणून त्याच्यापासून सुरुवात करून द्या.

टेकडीवाला_पुणे

आमच्याकडे सायक्लोक्रॉस नाही, पण पावसाळ्यात टेकडीवर डोंगरी सायकल चालवतो म्हणून धुण्याबद्दल दोन शब्द. प्रेशरचा फवारा चाकाच्या मध्यावर, पेडलच्या अक्षावर आणि हँडलच्या मुळाशी थेट मारू नका, ग्रीस निघून पाणी आत बसतं. वरून खाली धुवा, साखळी फडक्याने पुसून लगेच तेल. काळ्या मातीत तर चाक फिरायचंच थांबतं, तुमच्याकडे गवत अडकतं म्हणे. ब्रेकपाशी किती जागा आहे ते सायकल घेतानाच बघा.

लीड्सचा_बाबा

सगळ्यांचे आभार. हवा काढून बघितली, तिच्या टायरमध्ये पन्नास पीएसआय होती! माझ्यासाठी क्लबमधून एकाची जुनी सायकल मिळतेय, पुढच्या रविवारचं नाव नोंदवायच्या बेतात आहे. एक शंका: अर्जात तिचा गट आम्हाला वाटला त्याच्या वरचा दाखवतोय. चूक आहे का?

शेफील्डची_आई

चूक नाही. हंगाम दोन वर्षांत विभागलेला, म्हणून सप्टेंबरपासूनच पुढच्या वर्षीच्या वयाचा गट धरतात. तिला थोडी उंच पोरं भेटतील एवढंच. आणि गाडीच्या डिकीत जुनी चादर अंथरा. दोघांचे बूट, दोन सायकली आणि घरी येईपर्यंत वाळलेला चिखल, हे सगळं तुम्ही सोमवारी ऑफिसला त्याच गाडीतून घेऊन जाणार आहात.