राधानगरी-दाजीपूर: दोन दिवस, दोन मुलं आणि आई. कसं जमवू?

रंकाळाकर: मे महिन्यात दोन दिवसांसाठी भोगावतीच्या खोऱ्यात जायचा विचार आहे. मुलं १० आणि १३ वर्षांची, आई ६८ची. जंगल, नदी आणि थोडं चालणं हवंय. गगनबावडाही त्यातच उरकावा का?

गवाप्रेमी: दादा, गगनबावडा यावेळी सोडा. दोन्हीकडे धावलात तर पोरांना गाडीची काचच दिसंल. कोल्हापुरातून राधानगरी साधारण ५५ किलोमीटर, दाजीपूर तिथून आणखी पुढं. मुक्काम दाजीपूरलाच करा, जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा.

अभयारण्यात स्वतःची गाडी घालायच्या भानगडीत पडू नका. गावातली जीप आणि गाईड घ्या. त्यांना पाणवठे माहीत असतात आणि पैसाही गावातच राहतो. मे महिन्यात पाणी आटतं, म्हणून संध्याकाळी गवे पाणवठ्यावर उतरतात. मागच्या उन्हाळ्यात सावराईच्या सड्याकडं, म्हणजे खडकाळ पठाराकडं, आम्ही जीप बंद करून बसलो होतो. झाडीतून आधी नुसता फुरफुर आवाज आला, मग अंगानं काळाभोर आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा नर बाहेर आला. माझी पोरगी अर्धा तास बोलली नाही. गवा बघताना खाली उतरायचं नाही, फोटोसाठी हाकही मारायची नाही, हे मुलांना घरीच बजावा.

रंकाळाकर: आईला जीपचे हिसके सोसतील का?

गवाप्रेमी: आतला रस्ता खडबडीत आहे. पाठ दुखत असेल तर त्यांना मुक्कामावरच थांबू द्या. सकाळी अंगणातनं धनेश आणि शेकरू दिसले तर त्यांचा दिवस सोन्याचा. येताना राधानगरी धरण दाखवा. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं, सात स्वयंचलित दरवाज्यांचं. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की दरवाजे आपोआप उघडतात. मे महिन्यात उघडलेले दिसणार नाहीत, पण पोरांना ते कसं चालतं एवढं समजावून सांगा.

डोंगरवाट: पावसाळ्यात राऊतवाडीचा धबधबा बघायला परत जा, पण पाण्यात उतरू नका, दगड शेवाळलेले असतात. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी ठेवा. थोरल्याला चढायची हौस असेल तर पुढच्या खेपेला पाटगावकडून रांगणा किल्ला करा, हिवाळ्यात.

रंकाळाकर: ठरलं, गगनबावडा रद्द. आईला विचारलं, ती म्हणाली, "मी पण जीपमध्येच येणार." दुर्बीण शेजाऱ्यांकडून मिळाली.

गवाप्रेमी: मग त्यांना पुढच्या सीटवर बसवा, मागं हिसके जास्त बसतात. पाठीला उशी घ्या. आणि भडक रंगाचे कपडे नकोत.